तीच तक्रार तिसऱ्यांदा: भाड्याच्या घरातलं उपकरण दुरुस्त करायचं की बदलायचं?

तक्रार साधारण अशी येते: फ्रिज परत गार करत नाहीये. मागच्या वेळी गॅस भरला होता, त्याआधी थर्मोस्टॅट बदलला होता, दोन्ही वेळा थोडे दिवस बरे गेले आणि आता पुन्हा भाडेकरूचा फोन. घरमालकाच्या तोंडून मग दोनपैकी एक वाक्य निघतं. "काढून टाका, नवीनच घेऊ," नाहीतर "अजून एकदा बघू, होतो का दुरुस्त." दोन्ही वैतागातून आलेली. हे सारखं का होतंय, हे कोणी विचारलेलंच नसतं.

ते विचारल्याशिवाय निर्णयाला बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्यांदाच बिघडलेल्या उपकरणाचा हिशोब पैशात करता येतो: दुरुस्तीला किती, नव्याला किती. तोच बिघाड तिसऱ्यांदा आला की आधी कारण शोधावं लागतं. कारण पाण्यात, वायरिंगमध्ये, बसवण्यात किंवा वापरण्याच्या पद्धतीत असेल, तर नवं मशीनही त्याच वाटेने जातं. आणि कारण मशीनच्या आतच असेल, तर कुठला भाग गेलाय यावर बरंचसं ठरतं. मशीनचं वय त्यानंतर.

आधी स्विच बंद, मग विचार

काही लक्षणांवर चर्चेला वेळ नसतो. गिझर चालू असताना नळाला झटका लागणं, जळाल्याचा वास, प्लगची पिन काळी पडणं, सॉकेट वितळणं, एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच) वारंवार ट्रिप होणं, म्हणजे आपोआप पडणं. भाडेकरूला फोनवरच सांगायचं: मेन बोर्डावरून बंद करा, मेकॅनिक येईपर्यंत हात लावू नका. गॅसवरच्या उपकरणाजवळ गॅसचा वास येत असेल तर मात्र स्विचलाही हात लावायचा नाही. गॅसचा कॉक बंद, खिडक्या उघड्या आणि सगळे बाहेर.

एमसीबी ट्रिप होतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवून देणारे लोक सर्रास भेटतात. असं करू देऊ नका. एमसीबी भिंतीतल्या वायरचं रक्षण करतो. १६ अँपिअरच्या जागी ३२ चा लावला की तक्रार थांबते, आणि वायर आतल्या आत तापू लागते.

आणखी एक तक्रार हमखास चुकीच्या मशीनच्या माथी मारली जाते: "वॉशिंग मशीनला ओला हात लागला की झिणझिण्या येतात." मशीन बदललं तरी येतात. इलेक्ट्रॉनिक बोर्ड असलेल्या बहुतेक मशीनमध्ये वीज येते तिथे एक फिल्टर असतो, आणि त्यातले छोटे कपॅसिटर मशीनच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून येणारा बारीकसा प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग तुटलेलं असेल तर तो हाताला जाणवतो. म्हणजे मशीन बहुतेक वेळा ठीक असतं आणि सॉकेटमधला तिसरा भोक नुसता नावाला असतो. तरीही याला किरकोळ समजायचं नाही. ज्या दिवशी मशीनच्या आत खरोखर एखादी वायर सुटून पत्र्याला टेकेल, त्या दिवशी वाचवणारं अर्थिंग तिथे नसेल. इलेक्ट्रिशियन बोलवा, आणि बाथरूमच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाह जमिनीकडे गळू लागला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर त्याच फेरीत बसवून घ्या.

बिघाड मशीनचा की घराचा?

सगळ्यात सोपी परीक्षा अदलाबदलीची. एकापेक्षा जास्त घरं बघत असाल तर बंद पडणारं मशीन दुसऱ्या घरात नेऊन महिनाभर चालवा आणि तिथलं इथे आणा. तक्रार मशीनबरोबर गेली तर दोष मशीनचा, घरातच राहिली तर घराचा. एकच घर असेल तर निदान सॉकेट बदलून बघा. एक्स्टेन्शन बोर्डवर चालणारा फ्रिज किंवा मशीन दिसलं, की ते आधी थेट भिंतीतल्या सॉकेटवर लावायचं आणि मगच पुढचं बोलायचं.

दुसरी खूण म्हणजे त्या घरात आणखी काय काय जळतंय. मशीनचा बोर्ड गेला, मग राउटर गेला, मग टीव्ही, आणि भाडेकरू म्हणतोय की मधूनच दिवे एकदम लख्ख होतात. हे ऐकलं की माझी पहिली शंका ढिल्या न्यूट्रलवर, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरवर जाते. थ्री फेज पुरवठा असलेल्या इमारतीत न्यूट्रल सुटला की एखाद्या घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळ दाब पोचू शकतो. अशा घरात बोर्ड बदलत राहणं म्हणजे पैसे जाळणं. उलट, मशीन सुरू झाल्याक्षणी त्याच सॉकेटवरचं व्होल्टेज दणकन खाली येत असेल, तर वाटेत कुठेतरी जोड ढिला आहे. मेकॅनिकला मशीन चालू असताना मीटर लावायला सांगा; बंद मशीनच्या सॉकेटवर मोजलेलं व्होल्टेज जवळजवळ नेहमीच चांगलं दिसतं.

गिझर: इथे पाणी निकाल देतं

साठवणीच्या गिझरमध्ये दरवर्षी एलिमेंट (पाणी तापवणारी नळी) जळत असेल तर दोन वेगळी कारणं असू शकतात, आणि जळालेला एलिमेंट हातात घेऊन बघितला की बरंचसं कळतं. म्हणून जुना भाग फेकून देऊ नका, मला दाखवा, असं मेकॅनिकला आधीच सांगून ठेवावं.

एलिमेंटवर खडूसारखा जाड पांढरा थर असेल आणि त्याखाली नळी फुटलेली असेल, तर पाणी जड आहे. पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तापल्यावर एलिमेंटवर बसतात, थर उष्णता अडवतो, नळी आतून जास्त तापते आणि जळते. इथे नवा गिझर आणला तरी तोच थर तेवढ्याच वेगाने बसणार. उपाय वर्षातून एकदा टाकी उघडून साफ करणं, आणि थर्मोस्टॅट ७५ अंशांवर असेल तर ६० च्या आसपास आणणं. ६० च्या वर क्षार झपाट्याने बसतात. पण वीज वाचवायची म्हणून ५० च्या खालीही ठेवू नका. कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात आणि ते फुफ्फुसाला घातक असतात.

थर फारसा नाही, पण नळी काळी-निळी पडून फाटलीय, असं दिसलं तर एलिमेंट कोरडा जळालाय. म्हणजे टाकीत पाणी नसताना गिझर चालू होता. भाडेकरू शपथेवर सांगतो की नळाला पाणी असतानाच लावला होता, आणि तो खरंही बोलत असतो. गार पाणी टाकीत खालून येतं आणि गरम पाणी वरून निघतं. इमारतीची गच्चीवरची टाकी रिकामी झाली, पाइपात पाणी उरलं नाही, तर गार पाण्याच्या पाइपातूनच टाकीतलं पाणी उलटं खाली उतरू शकतं. ते अडवायला तिथे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो. बऱ्याच गिझरमध्ये तो सेफ्टी व्हॉल्व्हमध्येच असतो. तो खराब झालेला असेल किंवा बसवलेलाच नसेल, तर ज्या दिवशी पाणी जातं त्या दिवशी गिझर गुपचूप रिकामा होतो. एवढासा व्हॉल्व्ह न बघता एलिमेंट आणि मग सबंध गिझर बदलणारे लोक कमी नाहीत.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडे थेंब पडणं ही तक्रार नव्हे. पाणी तापलं की फुगतं आणि ते जादा पाणी तिथून बाहेर पडतं. दिवसभर, गिझर बंद असतानाही गळत असेल तर एकतर व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकलाय किंवा पाइपातला दाब जास्त आहे. त्या व्हॉल्व्हला बूच मारून गळती "बंद करून देणाऱ्या" माणसाला पुन्हा दारात उभं करू नका. थर्मोस्टॅट आणि थर्मल कटआउट (पाणी फार तापलं की वीज तोडणारा भाग) दोन्ही चिकटले तर टाकीतला दाब जाण्याची ती शेवटची वाट असते.

आता गिझर बदलायचा कधी? टाकी गळली की. खालच्या फ्लँजच्या (एलिमेंट बसवलेल्या झाकणाच्या) रबरातून गळत असेल तर रबर बदलून काम होतं, म्हणून बाहेरचं झाकण काढून पाणी नेमकं कुठून येतंय ते डोळ्यांनी बघा. टाकीच्या सांध्यातून किंवा पत्र्यातून येत असेल तर विषय संपला. आतला काचेचा मुलामा वेल्डिंगने जळतो आणि जोड टिकत नाही. गार पाणी स्वच्छ पण गरम पाणी तांबूस येत असेल तर गळती अजून व्हायची आहे एवढंच. टाकीत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो, टाकीऐवजी तो गंजावा यासाठी घातलेला. तो झिजून मधली बारीक तारच उरली की पत्र्याची पाळी येते. हा अॅनोड रॉड दर एक-दोन वर्षांनी बघून बदलला तर टाकी बरीच वर्षं जास्त टिकते. भाड्याच्या घरात तो सहसा कोणीच बघत नाही, कारण भाडेकरूला माहीत नसतं आणि घरमालक तिथे राहत नाही.

फ्रिज: स्वस्तातल्या बिघाडावर फ्रिज भंगारात जातो

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजची एक तक्रार मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येते. फ्रीजर गार आहे, खालचा भाग कोमट. मेकॅनिक सांगतो, एक दिवस बंद करून दार उघडं ठेवा. तसं केलं की फ्रिज झकास चालतो आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच. दोन-तीन फेऱ्यांनंतर सगळ्यांचा निष्कर्ष एकच: फ्रिज म्हातारा झाला.

प्रत्यक्षात फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड कॉइलवर बर्फ साचलेला असतो आणि खाली गार हवा ढकलणाऱ्या पंख्याची वाट त्याने बंद केलेली असते. हा बर्फ दिवसातून ठरावीक वेळा वितळवायला तिथे एक हीटर असतो. तो हीटर, त्याचा सेन्सर, थर्मल फ्यूज किंवा टायमर यांपैकी काहीतरी गेलेलं असतं. फ्रिज बंद ठेवल्यावर बर्फ वितळतो, म्हणून तात्पुरता चालतो. सुटा भाग बदलला की वर्षानुवर्षं त्रास नाही. दहा वर्षांच्या फ्रिजलाही ही दुरुस्ती मी बिनदिक्कत करून घेतो.

गॅसचं उलट आहे. फ्रिजमधला गॅस वापरून संपत नाही. यंत्रणा पूर्ण बंद असते. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरून गेलेला मेकॅनिक पुढच्या तक्रारीची तारीखच देऊन गेलेला असतो. एकदा असं झालं असेल तर दुसऱ्यांदा भरण्याआधी विचारा: गळती कुठे आहे? मागच्या बाजूला, कॉम्प्रेसरजवळच्या उघड्या पाइपात असेल तर दुरुस्ती होते. भिंतीतल्या फोमच्या आत गाडलेल्या पाइपात असेल तर फ्रिज बदला. आणि लेबलवर आर६००ए लिहिलं असेल तर तो आयसोब्युटेन आहे, म्हणजे पेट घेणारा. त्याचं काम येणाराच माणूस हवा. गॅस पूर्ण न काढता पाइपावर ज्योत लावणारा नको.

कॉम्प्रेसर "टक्" असा आवाज करून दर काही मिनिटांनी सुरू व्हायचा प्रयत्न करतो आणि बंद पडतो, यावर "कॉम्प्रेसर गेला" हे निदान लगेच मान्य करू नका. आधी स्टार्टिंग रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा भाग) काढून कानाशी हलवून बघायला सांगा. आतून खुळखुळला तर तो फुटलाय, आणि तो अगदी किरकोळ भाग आहे. मग व्होल्टेज. कॉम्प्रेसर खरंच गेला असेल आणि फ्रिज सात-आठ वर्षांच्या पुढचा असेल, तर मी बदलतो.

बाकी गोष्टी भाडेकरूच करू शकतो. दारात कागद धरून दार लावायचं आणि कागद ओढायचा. सहज सुटला तर त्या जागी रबर धरत नाही. असं चारही बाजूंना करून बघायचं. रबरातल्या घडीत चिकट काळा मळ साचलेला असतो, कोमट साबणपाण्याने पुसला तरी बऱ्याचदा दार परत घट्ट बसतं. मागच्या किंवा खालच्या कॉइलवरची धूळ काढायची, फ्रिज भिंतीपासून थोडा पुढे ओढायचा. नवे भाडेकरू सामान लावताना फ्रिज भिंतीला अगदी टेकवतात आणि पुढच्या महिन्यात तक्रार येते.

वॉशिंग मशीन

पाणी सोडत नाही, ही तक्रार असेल तर आधी खालचा फिल्टर. नाणी, पिना, बटणं, मुलांचा मोजा. पाणी भरत नाही, तर मागच्या पाइपाच्या तोंडची बारीक जाळी. इमारतीची पाण्याची टाकी साफ केल्यानंतर गाळ तिथेच येऊन बसतो. या दोन तक्रारींसाठी दर वेळी मेकॅनिक पाठवण्यापेक्षा भाडेकरूला एकदा शेजारी उभं करून दाखवणं बरं.

नवं मशीन स्पिनला नाचत खोलीभर फिरत असेल तर वाहतुकीसाठी मागे लावलेले बोल्ट काढलेत का ते बघा. बोल्ट न काढता तसंच बसवलेलं मशीन मी पाहिलंय, आणि त्याचे शॉक अॅब्सॉर्बर बदलण्याचा अंदाजपत्रकासकट सल्लाही.

निर्णयाची खरी वेळ बेअरिंगवर येते. स्पिनला घरघर वाढत जाते, शेजारी तक्रार करतात. मशीन बंद करून ड्रमची कड हाताने वर-खाली हलवून बघा. ड्रम खडखडत हलला तर बेअरिंग गेलंय. बहुतेक वेळा आधी सील गेलं आणि पाणी आत उतरलं. बाहेरचा टब स्क्रूने उघडणारा असेल तर बेअरिंग बदलता येतं. टब कारखान्यातच वेल्ड करून बंद केलेला असेल तर सबंध टब घ्यावा लागतो, आणि तिथे हिशोब जवळजवळ नेहमीच नव्या मशीनच्या बाजूने जातो. मोटरचे कार्बन ब्रश, बेल्ट, ड्रेन पंप, दाराचं लॉक यांपैकी काही गेलं असेल तर दुरुस्तच करा.

बोर्ड दोनदा गेला असेल तर तिसरा बोर्ड घालण्याआधी वर सांगितलेलं न्यूट्रलचं आणि अर्थिंगचं काम. तेही ठीक असेल तर बोर्डावर ओल किंवा किड्यांचा वावर शोधा. बाथरूममध्ये, शॉवरच्या तुषारांखाली ठेवलेल्या मशीनचा बोर्ड टिकावा अशी अपेक्षाच चुकीची आहे.

एसी

पाणी घरात गळतंय, ही तक्रार दुरुस्तीची कमी आणि बसवण्याची जास्त. ड्रेन पाइपाला सलग उतार हवा, मध्ये कुठेही झोळ नको. फिल्टर तुंबला तर कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळताना पाणी पसरतं. बर्फ दिसला की "गॅस कमी आहे" असं निदान होतं. असेलही, पण मळलेल्या कॉइलमुळेही अगदी तसाच बर्फ धरतो. साफ केल्याशिवाय गॅसचा निर्णय नाही, हा नियम ठेवा.

दर हंगामात गॅस भरावा लागत असेल तर सगळ्यात आधी फ्लेअर नटचे, म्हणजे तांब्याचे पाइप जोडणाऱ्या नटांचे जोड साबणाच्या फेसाने तपासायचे. तिथे बुडबुडे आले तर जोड नव्याने करून घेतला की संपलं. सापडत नसेल तर नायट्रोजनच्या दाबाची चाचणी, आणि भरण्याआधी व्हॅक्यूम, म्हणजे पाइपातली हवा ओढून काढणं. हे दोन्ही न करता सिलिंडर लावून मोकळा होणारा माणूस स्वस्त पडत नाही. गळती आतल्या कॉइललाच असेल आणि एसी वॉरंटीबाहेर असेल तर कॉइल आणि नवा एसी यांच्या किमती शेजारी ठेवा.

जुना एसी आर२२ या गॅसवर चालणारा असेल तर मी दुरुस्तीत फार पैसे घालत नाही. ओझोनच्या थराला हानी करणाऱ्या रसायनांवरच्या १९८७ च्या मॉन्ट्रिअल कराराखाली हा गॅस जगभर टप्प्याटप्प्याने बंद होतोय. विकसित देशांत नव्या आर२२ चं उत्पादन २०२० पर्यंत जवळपास थांबलं, विकसनशील देशांसाठी मुदत २०३० ची आहे. त्यात आर३२ हा दुसरा गॅस भरून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. दोघांचे दाब वेगळे आणि आर३२ पेट घेऊ शकणारा आहे.

पैशाचा हिशोब

कारण मशीनच्या आतलंच आहे आणि दुरुस्ती शक्य आहे, असं ठरल्यावर पैशाकडे यायचं. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर बदला, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. एकदाच येणाऱ्या बिघाडाला तो चालतो. वारंवार येणाऱ्याला चालत नाही, कारण प्रत्येक दुरुस्ती सुटी सुटी बघितली तर ती निम्म्याच्या खालीच असते. नव्या मशीनची किंमत १०० धरा. दोन वर्षांत २०-२० च्या तीन दुरुस्त्या झाल्या, एकीनेही नियम मोडला नाही, आणि ६० गेले.

मी दर वर्षाचा खर्च काढतो. नवं मशीन बसवण्यासकट १०० ला पडतं आणि दहा वर्षं चालेल अशी अपेक्षा असेल, तर वर्षाला १०. आता समोरची दुरुस्ती ३० ची आहे. मेकॅनिकला थेट विचारायचं: हे केल्यावर किती चालेल? त्याचं उत्तर पाच वर्षं असेल आणि त्यामागे कारण असेल, तर वर्षाला ६, दुरुस्त करा. दोन वर्षं असेल तर वर्षाला १५, बदला. "सांगता येत नाही" असं उत्तर आलं तर एक वर्ष धरायचं. आयुष्याचे ढोबळ आकडे असे: फ्रिज १० ते १५ वर्षं, एसी तेवढाच किंवा थोडा कमी, वॉशिंग मशीन दहाच्या आसपास, गिझर ८ ते १२, आणि जड पाण्यात त्याहून कमी. पण मागे गेलेले पैसे या हिशोबात धरायचे नाहीत. "एवढे घातलेत, आता सोडवत नाही" म्हणून अजून घालणं हीच खरी चैन आहे. मागच्या दुरुस्त्यांचा उपयोग एवढाच, की मेकॅनिकच्या "पाच वर्षं" या शब्दावर किती भरवसा ठेवायचा ते त्या सांगतात.

स्वतःच्या घरापेक्षा भाड्याच्या घरात हा हिशोब दोन ठिकाणी वेगळा पडतो. पहिलं, वीजबिल भाडेकरू भरतो आणि मशीन मालक घेतो. जुना फ्रिज दुप्पट वीज खात असला तरी मालकाच्या खिशाला ते कळतच नाही, म्हणून मालकांच्या हिशोबात जुनं मशीन नेहमी आहे त्याहून स्वस्त दिसतं. सॉकेटमध्ये लावायचं छोटं मीटर मिळतं. फ्रिजला चोवीस तास लावून आकडा बघा आणि नव्या मॉडेलच्या लेबलवरच्या वार्षिक आकड्याला ३६५ ने भागून शेजारी ठेवा. फरक मोठा असेल तर बदलण्याच्या बाजूने तो मोजाच. जास्त बिलाला कंटाळून भाडेकरू गेला तर रिकाम्या घराचा महिना मालकालाच पडतो.

दुसरं, बंद राहण्याचा काळ. फ्रिजला सुटा भाग यायला दहा दिवस लागणार असतील तर तेवढं थांबणं कुणालाच शक्य नसतं. वॉशिंग मशीन थांबू शकतं. त्यामुळे फ्रिजच्या बाबतीत मी लवकर बदलीकडे झुकतो, मशीनच्या बाबतीत उशिरा. चार-पाच घरं असतील तर एक चालू स्थितीतला साधा फ्रिज राखीव ठेवावा. तो दिला की घाईघाईत निर्णय घ्यायची वेळ येत नाही. आणि भाडेकरू दोन महिन्यांत जाणारच असेल तर, धोक्याचा बिघाड नसल्यास, तात्पुरती दुरुस्ती करून बदली रिकाम्या घरात करा. तेव्हाच सॉकेट, पाइप, उतार हेही हाताळता येतं.

खर्च कोणी करायचा हा वाद निर्णयात मिसळू देऊ नका. नेहमीच्या वापराने झालेली झीज सहसा मालकाची, निष्काळजीपणाने केलेली मोडतोड भाडेकरूची, पण नक्की काय ते तुमच्या करारावर आणि तिथल्या कायद्यावर ठरतं. करारासोबत उपकरणांची यादी, मॉडेल नंबर आणि चालू स्थितीतले फोटो जोडलेले असले की निम्मे वाद होतच नाहीत.

नोंद ठेवल्याशिवाय यातलं काही जमत नाही

"मागच्या वेळी काय केलं होतं?" याचं उत्तर भाडेकरूला माहीत नसतं, कारण तो तेव्हा नव्हता, मेकॅनिकला आठवत नाही, मालकाच्या लक्षात फक्त रक्कम असते. मशीनच्या मागे किंवा बाजूला एक कागद चिकटवा आणि प्रत्येक वेळी लिहा: तारीख, भाडेकरूने सांगितलेलं लक्षण त्याच्याच शब्दांत, कुठला भाग बदलला, आणि तो का गेला. शेवटचा रकाना मेकॅनिकला भरायला लावा. "बोर्ड बदलला" असं लिहून तो थांबतो, तेव्हा "का गेला?" हे विचारायचं. दोन ओळींतच पॅटर्न दिसू लागतो: दर वेळी पाणी गेल्यानंतरच्या आठवड्यात, दर वेळी पावसाळ्यात, दर वेळी नवा भाडेकरू आल्यावर.

भाडेकरूच्या शब्दांना कमी लेखू नका. "आवाज येतो" हे निरुपयोगी, पण "स्पिनला शेवटची दोन मिनिटं येतो आणि कपडे कमी असले की येत नाही" हे निदानच आहे. फोनवर व्हिडिओ मागवा, लेबलचा फोटो मागवा. मेकॅनिक योग्य सुटा भाग घेऊनच येतो आणि एक फेरी वाचते.

बदलायचं ठरलं तर

जुन्याचं कारण आधी दूर करा, मग नवं आणा. हा क्रम उलटा झाला तर वॉरंटीही अडचणीत येऊ शकते, कारण चुकीच्या बसवण्यामुळे किंवा व्होल्टेजमुळे झालेलं नुकसान तीत सहसा धरत नाहीत. भाड्याच्या घरात साधं मॉडेल घ्यावं. ज्याला कमी बटणं त्याच्या तक्रारी कमी, आणि माणसं बदलत राहणाऱ्या घरात बारा प्रोग्रॅमपैकी दोनच वापरले जातात. सगळ्या घरांत शक्यतो एकच मॉडेल असेल तर सुटे भाग, मेकॅनिकचा हात आणि तुमची माहिती, तिन्ही सगळीकडे चालतात. नव्या गिझरवर त्याच दिवशी अॅनोड बघायची तारीख मार्करने लिहून टाका.

जुनं मशीन देताना फ्रिज आणि एसीचा गॅस हवेत सोडून पाइप कापणाऱ्याला देऊ नका. गॅस काढून घेण्याची सोय असलेल्या ई-कचरा केंद्राकडे द्या. देण्याआधी तेच मॉडेल दुसऱ्या घरात असेल तर ट्रे, दाराची हँडल, नॉब आणि चालू स्थितीतला ड्रेन पंप काढून डब्यात ठेवा. काही वर्षांनी दुकानात न मिळणारे भाग नेमके हेच असतात.